ट्रॅक्टर गेला, शेड राहिलं

गॅरेज हा शब्द आमच्या भागात दोनच अर्थांनी चालतो. एक म्हणजे जिथे मोटरसायकल दुरुस्त होते ते, आणि दुसरा म्हणजे जिथे दहावीत गटांगळी खाल्लेलं पोरगं कामाला लागतं ते. घराला लागून गाडीसाठी बांधलेली खोली, तिच्यात माणूस रविवारी खुडबुड करतो, मित्र येऊन बसतात, आणि एके दिवशी तिथून मोठी कंपनी बाहेर पडते, हे गॅरेज अमेरिकेतलं. ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी 1939 साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला असल्याच एका गॅरेजात धंदा मांडला, ही गोष्ट आता जगभर सांगून झाली आहे. आपल्याकडे गाडीच नव्हती तिथे गाडीची खोली कुठून असणार? कॅप्टन अमोल यादव यांना विमान बांधायचं होतं, त्यांना मुंबईत गच्चीच सापडली. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ते बांधलं आणि 2016 साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांसमोर मांडलं. म्हणजे खुडबुड करणाऱ्याला जागा लागते, तिचं नाव काय याला फारसं महत्त्व नाही.

आमच्या घरी त्या जागेचं नाव 'टॅक्टरचं शेड'.

चिखला माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, रेल्वेने यायचं तर गोबरवाही स्टेशन. गावाची ओळख दोन गोष्टींवर, धान आणि मँगनीज. खाण जमिनीखालची आहे. तिची मालक कंपनी, जिला सगळे 'मॉयल' म्हणतात, ती 1962 साली स्थापन झाली आणि 1977 पासून सगळी सरकारी होती, पुढे तिचे शेअर बाजारात आले. तिच्याही आधी इथलं मँगनीज इंग्रजांच्या कंपन्या काढत होत्या. आमचे बाबा खाणीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. मी आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला आणि आता गावी येऊन राहिलो आहे. मोठा भाऊ, दादा, शेती बघतो. घरात दोन फिटर आणि एक शेतकरी. जेवताना कोणाचं पोट भरतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून दादाचा शब्द घरात वजनदार.

दादाने 2009 साली कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, तेव्हा मागच्या बाजूला जुना कोठा पाडून (गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात) हे शेड बांधलं. अठरा फूट रुंद, तीस फूट लांब. तीन बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रे, समोर लोखंडी फाटक. ट्रॅक्टर, ट्रॉली, नांगर, चिखलणीची लोखंडी चाकं, सगळं त्यात मावायचं. 2022 साली ट्रॅक्टर विकला. भाड्याने ट्रॅक्टर हवा तेव्हा मिळू लागला होता आणि पोरं चालवायला तयार नव्हती. कर्ज फिटलं, ट्रॅक्टर गेला, शेड राहिलं. मग रिकाम्या जागेचं जे होतं तेच झालं. तणसाचे भारे, मोडक्या खाटा, मोहाच्या टोपल्या, कोणाच्या तरी लग्नातला उरलेला पेंट.

मी परत आलो त्याच सुमारास एका खत-सिमेंटच्या व्यापाऱ्याने गोदामासाठी शेड मागितलं. महिना साडेतीन हजार. वर्षाचे बेचाळीस हजार होतात. दादा म्हणाला, "देऊन टाकू. घरबसल्या पैसे हायेत."

मी म्हटलं, मला एक वर्ष दे. वर्कशॉप करतो. खर्च माझा. पुढच्या पोळ्याला हिशेब करू, नाही पटलं तर गोदाम.

दादाने विचारलं, "वर्कशॉप करून का करशील?"

"बसीन," मी म्हटलं. तो हसला. पण हो म्हणाला.

छप्पर, जमीन, उजेड

लोक आधी मशीन आणतात आणि मग ती कुठे ठेवायची याचा विचार करतात. मी पोरांना नेहमी उलटं सांगत आलो. आधी जागा बसण्यासारखी करा. जिथे माणूस दोन तास टिकत नाही तिथे मशीन काय करणार?

भंडाऱ्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसकडे सरकतो आणि पत्रा तव्यासारखा तापतो. गावातला उपाय म्हणजे वरून तणीस पसरायची. पण खाली ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार असतील तर तणीस म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून पत्र्याला वरून चुन्याचे तीन हात दिले, चुना धरून राहावा म्हणून त्यात फेविकॉल घातलं. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. शिवाय पुढच्या आणि मागच्या भिंतीत पत्र्याच्या अगदी खाली दोन-दोन फुटांच्या जाळ्या सोडल्या. गरम हवा वर जाते, तिला वरच वाट पाहिजे. खिडकी कितीही मोठी ठेवली तरी वरची हवा तिच्यातून उतरून बाहेर जात नाही. एवढं करूनही मे महिन्यात दुपारी बारा ते चार शेड बंद. उन्हाशी भांडण नाही.

जमीन शेणामातीची होती. बसायला तिच्यासारखी नाही, पण पडलेला स्क्रू तिच्यात कायमचा हरवतो. अर्ध्या भागात कोबा केला, तोही खडबडीत, कारण गुळगुळीत फरशीवर तेल सांडलं की माणूस सरळ आडवा. दुसरा अर्धा तसाच शेणाने सारवलेला ठेवला. अशी आपोआप हद्द पडली. कोब्यावर काम, सारवणावर बैठक. चप्पल घालून कोब्यावर यायचं नाही आणि बूट घालून सारवणावर जायचं नाही. :)

कामाचं टेबल उत्तरेच्या भिंतीला, खिडकीखाली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, ऊन डोळ्यात येत नाही. रात्रीसाठी दोन एलईडी ट्यूब, त्याही माणसाच्या पाठीमागे नाही तर टेबलाच्या पुढच्या कडेवर, नाहीतर आपण आपल्याच सावलीत काम करत बसतो.

वीज

यावर मी दादाशीसुद्धा तडजोड केली नाही. खर्चाचा मोठा भाग भिंतीत आणि जमिनीत गेला, जिथे तो कोणाला दिसत नाही. घरापासून वेगळी केबल, वेगळा बोर्ड, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र एमसीबी, आणि सगळ्यांच्या आधी 30 मिलीअँपियरचं आरसीसीबी. हे यंत्र काय करतं? वायरीतून गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी आहे का, एवढंच बघतं. फरक पडला म्हणजे वीज दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत चालली आहे. मग ते डोळा लवायच्या आत पुरवठा तोडतं. एमसीबी वायर वाचवतं, आरसीसीबी माणूस वाचवतं. बाहेर अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा घालून. उन्हाळ्यात त्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं काम पुतणीकडे आहे. ती तुळशीला पाणी घालते आणि मग अर्थिंगला.

ऐरण

हत्यारं बरीचशी माझीच होती. सहा इंची वाइस, कानशी, गुण्या, टॅप-डायचा संच. ड्रिल आणि ग्राइंडर नवीन घेतलं, वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन नवीन, उभं ड्रिल मशीन जुनं. वाइसची उंची कोपराइतकी ठेवायची, हा आयटीआयचा पहिला धडा. हात वाइसजवळ आणून वाकवला की कोपर वाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. मग कानस आडवी चालते आणि पाठ दुखत नाही. आमच्याकडे तीन उंचीची माणसं असल्याने खाली ठेवायला दोन लाकडी पाट केले आहेत.

ऐरण मात्र परवडत नव्हती. तुमसरच्या भंगारवाल्याकडे गिट्टी क्रशरच्या जबड्याची एक झिजलेली प्लेट पडली होती. वजन दीड क्विंटलच्या आसपास. ती आणून ऐनाच्या ओंडक्यावर उताणी बसवली, दातांची बाजू खाली, सपाट बाजू वर.

पहिल्याच दिवशी पुतण्या तिला भोक पाडायला निघाला. ड्रिल फिरलं, चमकलं, आणि टोक जळून काळं पडलं. प्लेटवर नखभर ओरखडा. तेव्हा बाबा ओसरीतल्या खाटेवरून उठून आले.

बाबांचं वय एक्क्याऐंशी. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं 'चहा' आणि 'नको' एवढ्यावर आलं होतं. ऐकूही वयोमानाने कमी येतं. त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवलेला एक चुंबक आणला (तो तिथे का होता, कोणास ठाऊक), प्लेटला लावला आणि सोडला. चुंबक खाली पडला.

"लोखंड नाही का हे, आबा?" पुतण्याने विचारलं.

"लोखंडच हाय. पन त्यात आपला मँगनीज हाय."

मग पुढची पंधरा मिनिटं बाबा बोलत होते. त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. साध्या पोलादात मँगनीज एक टक्क्याच्या आतबाहेर असतं. लोखंडात राहिलेला गंधक तापल्यावर पोलादाला भेगा पाडतो, मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतं. पण इंग्लंडमध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने 1882 साली मँगनीज बारा-तेरा टक्क्यांवर नेलं, तेव्हा अजब धातू तयार झाला. त्याला चुंबक धरत नाही, आणि जितकं ठोकाल तितका तो वरून कडक होत जातो. भोक पाडायला जा, ड्रिलच्या दाबानेच तो आणखी टणक होतो. म्हणून क्रशरचे जबडे आणि रेल्वेच्या रुळांचे सांधे त्याचे करतात. बाबांना हॅडफील्डचं नाव माहीत नव्हतं, ते मी घातलं. बाकी सगळं त्यांना हातांनी माहीत होतं.

गंमत बघा. आमचं आख्खं गाव या दगडावर जगलं. घरोघरी कोणीतरी तो फोडला, उचलला, मोजला, वॅगनमध्ये भरला. पण तो पुढे जाऊन काय होतो, हे गावातल्या पोरांनी कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. ही प्लेट चिखल्याच्याच मँगनीजची असेल असं मी म्हणणार नाही. पण दगड गेला त्या वाटेने काहीतरी परत आलं, एवढं खरं. पुढे पोरांनी टॉर्चचा जुना सेल फोडून आणला, त्यातली काळी भुकटी काय असते म्हणून विचारायला. तीही मँगनीजच, डायऑक्साइड, कार्बनची भुकटी मिसळलेली. त्या दिवशी सगळ्यांची बोटं काळी.

याच मँगनीजची दुसरी बाजूही पोरांना सांगावी लागली. वेल्डिंगच्या रॉडमध्ये ते असतं आणि धुरातून छातीत जातं. वर्षानुवर्षं असा धूर किंवा भुकटी घेतली तर मज्जातंतूंवर परिणाम होतो, चाल बिघडते, हात थरथरतात. मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांमध्ये हे 1837 सालीच स्कॉटलंडच्या कूपर नावाच्या डॉक्टरने नोंदवलं होतं. म्हणून आमच्याकडे वेल्डिंग शेडच्या आत होत नाही. बाहेर पत्र्याची वळचण चार फूट वाढवली आहे, वाऱ्याकडे पाठ करून तिथेच. आणि ग्राइंडरला चष्म्याशिवाय हात लावायचा नाही. चष्मे ग्राइंडरच्याच खिळ्यावर टांगलेले आहेत, म्हणजे ते काढल्याशिवाय ग्राइंडर निघतच नाही.

बसणारे

आता 'बसीन' या शब्दाकडे येतो.

आमच्या लहानपणी गावात बसायची एक हक्काची जागा होती, खात्याचा भाता. मृगाच्या आधी वखराची पास आणि नांगराचा फाळ शेवटवून घ्यायला सगळं गाव तिथे यायचं. नंबर लागेपर्यंत भात्याची दोरी ओढायची. कोणाची सोयरीक, कोणाचा बांध, कोणाची गाय, सगळं तिथे कळायचं. तिथे बसायला कारण लागत नसे, कारण हातात फाळ असे. ट्रॅक्टर आला, फाळ कारखान्यातून बोल्टवर बसून यायला लागला आणि भाता थंड झाला. खातीमामा आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. शेड सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते आले, ऐरणीवर हातोडीचा एक घाव घातला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बेस हाय." मग रोज यायला लागले.

ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी अशी शेडं सुरू झाली, पुढे ब्रिटन-आयर्लंडमध्येही पसरली. त्यामागची समजूत अशी की पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, शेजारी उभं राहून काही काम करताना बोलतात. मला हे वाचल्यावर खात्याचा भाताच आठवला. आपल्याकडचा दुसरा दाखला पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो सुरू केला, शाळेत न रमणाऱ्या खेड्यातल्या मुलांना हातांनी काम करत शिकवण्यासाठी. शिक्षक म्हणून मला पाबळ पटतं, म्हातारा होत चाललेला माणूस म्हणून ऑस्ट्रेलिया पटतं. शेडमध्ये दोन्ही हवं होतं.

शेजारी उभं राहून बोलण्याचा अनुभव मला लवकरच आला. गल्लीतले एक भाऊ फवारणीचा पंप घेऊन आले. वॉशर गेला होता. मी पंप धरला, ते नट सोडवत होते. दोघांची नजर नटावर. ते म्हणाले, "जोडी विकून रायलो. घरी सांगतलं नाही अजून." एवढंच. पुन्हा नट. मी काही मोठा सल्ला दिला नाही, तो माझ्याकडे नव्हताही. किती पाहिजेत, कधीपर्यंत पाहिजेत, एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पंप तर दुरुस्त झाला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी सांगितलं. (हे त्यांना विचारूनच लिहितो आहे.)

वहिनींचं रजिस्टर

एका शनिवारी वहिनी फाटकात उभ्या राहिल्या. आत आम्ही सात पुरुष आणि चहाचे सात कप. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढी मोठी जागा, आमी बाया कुठी बसाव?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या बचत गटाच्या अकरा जणी आमच्या ओसरीत दाटीवाटीने बसत. तेव्हापासून शनिवारची दुपार गटाची. सारवलेल्या भागात चटया पडतात आणि आम्ही सातजण बाहेर कडुलिंबाखाली. दोन महिन्यांत त्यांच्यातल्या तिघी ड्रिल चालवायला शिकल्या. शिलाई मशीनचा पट्टा आणि कुकरचं हँडल यांसाठी आता कोणी पुरुषांची वाट बघत नाही. मात्र उभ्या ड्रिलजवळ जाताना पदर खोचून, केस बांधून, हातमोजे काढून. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो. हातमोजा सगळीकडे रक्षण करतो असं नाही.

ज्या घरातली जोडी विकली जाणार होती त्या घरातली वहिनीही त्या गटात होती. गटाने तिला कर्ज दिलं. किती आणि कसं तो त्यांचा हिशेब. जोडी राहिली.

पोळ्याच्या पंधरा दिवस आधी शेडला भलताच ऊत आला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून घरोघरी ओढत नेतात. यंदा पोरांनी बाजारातून नंदी आणले नाहीत. खातीमामांनी सागाच्या तुकड्यातून पहिला नंदी कोरून दाखवला, नंतर पोरांनी करवत आणि कानस चालवली. बाबा चाकं तपासायला बसले. चाकाचं भोक मधोमध नसेल तर नंदी लंगडतो. बाबा चाक बोटावर फिरवून बघायचे आणि न बोलता परत द्यायचे. एका पोराचं चाक पाचव्यांदा परत आलं तेव्हा ते रडलं. सहाव्यांदा बाबांनी ते ठेवून घेतलं. एकूण नऊ नंदी झाले. एकही लंगडा नाही.

हिशेब

पोळ्याच्या रात्री दादाने आठवण केली. मी वही काढणार, तर वहिनींनीच गटाच्या रजिस्टरसारखं आखलेलं रजिस्टर पुढे ठेवलं. त्यांनी वर्षभर लिहिलं होतं. आमच्या घरची कामं, म्हणजे फाटक, मोटरीचा स्टँड, धानाच्या कोठीचं दार, पंप, बाहेर करून घेतली असती तर किती गेले असते, ते एका बाजूला. वीज, रॉड, ड्रिलची टोकं, चहा-साखर दुसऱ्या बाजूला. बाहेरच्यांच्या कामाचे पैसे आम्ही घेत नाही, घरगुती वीज जोडणीवर धंदा करायचा नसतो. गावकऱ्यांनी फक्त आपापलं सामान आणायचं. वजाबाकी करून शेडने वर्षात वाचवले नऊ हजार आठशे.

गोदामाचे बेचाळीस हजार आले असते.

"म्हंजे बत्तीस हजार दोनशे गेले," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पावसाने दगा दिला तर हे बत्तीस हजार घरात किती लागतात ते मलाही कळतं. जोडी राहिली, बाबा बोलले, पोरांनी नंदी केले, हे मी म्हणू शकलो असतो. पण ते दादाला माहीत होतं, तो रोज संध्याकाळी तिथेच चहा पीत होता. आणि असल्या गोष्टी रकमेसमोर मांडायला गेलं की त्या उगाच लहान होतात. मी गप्प बसलो.

दादानेच तोड काढली. फाटकाकडचे दहा फूट व्यापाऱ्याला द्यायचे, भाडं सोळाशे, मीटर त्याचं वेगळं. मागचे वीस फूट आमचे. आमच्यासाठी घराच्या बाजूने नवीन दार. मी एकच अट घातली, मध्ये पत्रा नाही, पक्की विटांची भिंत पाहिजे. खत हवेतला ओलावा ओढतं आणि आसपासचं लोखंड खाऊन टाकतं. माझ्या कानशी एका पावसाळ्यात गंजल्या असत्या. शिवाय खताच्या पोत्यांशेजारी ग्राइंडरच्या ठिणग्या कोणाला पाहिजेत?

भिंतीचे पैसे दादाचे, मजुरी बसणाऱ्यांची. जोडीवाल्या भाऊंनी विटा वाहिल्या, खातीमामांनी चौकट केली, गटातल्या दोघींनी माल कालवला. बाबा खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक थराला ओळंबा मागत राहिले. क्रशरची प्लेट मागे सरकवायला सहाजण लागले.

गेलं काय, तेही सांगतो. मंडईच्या दिवसांत पोरं मोकळ्या जागेत दंडारीची तालीम करणार होती, आता तेवढी जागा नाही. शनिवारी गटाच्या चटया टेबलाला टेकतात. वेल्डिंगचं सामान बैठकीच्या डोक्यावर टांगावं लागलं. एखाद्या वर्षी व्यापाऱ्याने आणखी दहा फूट मागितले तर पुन्हा हिशेब होईल, आणि दादा पुन्हा वजाबाकी करील. करावीच. घर वजाबाकी करणाऱ्यामुळेच टिकतं. मी तोवर रजिस्टरच्या डाव्या बाजूला काही भर घालता येते का बघतो. सध्या पुतण्या आणि मी धान वाळवायला हाताने ढकलायचं दाताळं चाकांवर बसवून बघतो आहोत. बाबांनी त्याची चाकं आतापर्यंत चारदा परत पाठवली आहेत.

नातेवाईकांपैकी जे फोनवर विचारतात की रिटायर होऊन दिवसभर करतोस काय, त्यांनी दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत यावं. गोबरवाहीला घ्यायला येतो. येताना घरातली बिघडलेली एखादी वस्तू सोबत आणा, म्हणजे बसायला कारण मिळेल. आणि हो, बूट घालून या.